लेकीच्या हाताखाली खापरं धुताना

गावाचं नाव सांगायचं नाही, असं मला बजावून ठेवलं आहे. नाव छापून आलं, की दुसऱ्या दिवशी मोहरांचे हंडे शोधणारे कुदळी घेऊन हजर होतात म्हणे. तेव्हा एवढंच सांगते, की फरीदाबाद मागे टाकून यमुनेच्या अंगाला वळलं, कारखान्यांची धुराडी संपून वीटभट्ट्यांची धुराडी सुरू झाली आणि मधूनमधून मोहरीची पिवळी शेतं दिसायला लागली, की उजव्या हाताला एक टेकाड लागतं. आपल्याकडे अशा जागेला पांढर म्हणतात, तिकडे टीला. वर चार बाभळी आणि गावातल्या बायकांनी रचून ठेवलेले गोवऱ्यांचे ढीग. लांबून बघितलं तर कुणी वळूनही बघणार नाही. पण लोक तिथे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीपासून राहत आले. घरं पडली, त्यांच्यावरच नवी बांधली, आणि जमीन अशी हळूहळू वर आली. या टेकाडावर जानेवारीत पंधरवडाभर मी उत्खननाला होते.

मी सत्तावन्न वर्षांची, साताऱ्याची गृहिणी. गुडघे दुखतात. पुरातत्त्वाशी माझा संबंध माझ्या मुलीमुळे, केतकीमुळे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यानं आमचा सगळा संसार दिल्लीच्या सरकारी वसाहतीत झाला. ते निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं साताऱ्याला परतलो आणि केतकी शिकायला तिथेच राहिली. जुन्या भांड्यांना चिकटून राहिलेल्या अन्नावरून त्या काळची माणसं काय शिजवत होती ते शोधायचं, हा तिचा विषय. स्वतः मात्र दोन्ही वेळा मॅगी खाते.

त्या वर्षी सप्टेंबरात ती चार वर्षांसाठी इंग्लंडला जाणार होती. घरी यायची ती गणपतीत दोन दिवस, त्यातला एक झोपण्यात जायचा. मला तिच्याबरोबर सलग काही दिवस हवे होते, जाण्याआधी एकदाच. असं सरळ सांगितलं असतं तर "आई, यार, ड्रामा नको," असं उत्तर आलं असतं. म्हणून एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, की यंदा त्यांच्या उत्खननाच्या फील्ड स्कूलला माणसं कमी पडतायत, विद्यार्थी नसले तरी हौशी लोक चालतात, वयाची अट नाही, तेव्हा मी "असं का?" एवढंच म्हटलं आणि गुपचूप अर्ज करून टाकला.

चार दिवसांनी फोन आला. "आई, सर विचारतायत सातारा से कौन आ रहा है. तू सीरियस आहेस?"

"बिलकुल. मला इतिहासाची आवड आहे."

"कधीपासून?"

मी विचारलं, तिकडे थंडी किती असते.

बारातघर

दिल्लीत उतरल्यावर जुन्या सवयीनं कोपर्निकस मार्गावर गेले. पूर्वी तिथल्या जुन्या महाराष्ट्र सदनात डोकावलं की कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचंच. कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं चहाबरोबर कळायचं. या वेळी चहा मिळाला, ओळखीचं कुणी मिळालं नाही. ज्या गावात पंचवीस वर्षं भाजी घेतली त्या गावात मी हातात बॅग घेऊन पाहुणी म्हणून उभी होते. मला फार वाईट वाटलं. मग टॅक्सी केली.

आमचा मुक्काम गावच्या बारातघरात होता. तिकडे प्रत्येक गावात लग्नाच्या वऱ्हाडासाठी असं एक सभागृह असतं. गुलाबी भिंती, छताला झुंबर आणि स्टेजवर नवरा-नवरीची लाल मखमली सिंहासनं. या सिंहासनांवर विद्यार्थ्यांचे मोजे वाळत असत. आम्ही सात-आठ बायका-मुली मागच्या खोलीत, म्हणजे नवरीची खोली म्हणतात तीत, गाद्या टाकून झोपायचो. जाणार असाल तर गरम पाण्याची पिशवी न्याच. साताऱ्याची थंडी अंगावर येते. तिथली अंथरुणात शिरून बसते. सकाळी धुकं असं की टेकाड कुठे गेलं ते विचारत जावं लागे.

केतकी फाटकाशी उभी होती. डोक्यावर सुती टोपी, हाताला माती, चेहरा उन्हानं रापलेला, आणि अंगात स्वेटर नाही. मी मिठी मारायला पुढे झाले, तर तिनं माझी बॅग घेतली.

"आई, ऐक. माझ्या ट्रेंचमध्ये तू आहेस. म्हणजे मी इन्चार्ज आहे. तिथे सगळे मला मॅडम म्हणतात, तू पण म्हण, नाहीतर मुलं हसतील."

"बरं मॅडम. आणि तू मला काय म्हणणार?"

तिनं जरा विचार केला. "सुनंदाजी."

जिच्या जन्माच्या वेळी मी अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं, ती मला सुनंदाजी म्हणाली. मी हसले, पण रात्री गादीवर पडल्यावर ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

खड्डा आणि अंगण

उत्खनन म्हणजे भराभर खणणं, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. दोरी लावून आखलेला चौकोनी खड्डा, म्हणजेच ट्रेंच, त्यात पाटावर बसायचं आणि छोट्या करणीनं माती खरवडायची. जराशी. मग ब्रशनं झाडायचं, मग बघायचं मातीचा रंग बदलला का. बदलला तर थांबायचं आणि मॅडमना हाक मारायची. खड्ड्याच्या भिंतीतून अर्धं भांडं बाहेर डोकावत असेल तरी ते ओढायचं नाही. ते ज्या थरातलं आहे तो थर खणायची वेळ येईल तेव्हाच ते निघणार, आणि वेळ न आल्यास तिथेच राहणार. माझ्यासारख्या बाईला हे फार जड गेलं. शेजारणीच्या दोरीवर वाळत घातलेली साडी वाकडी दिसली तरी माझे हात शिवशिवतात.

पहिल्या दिवशी केतकीनं सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. इंग्रजीत, भराभर, मध्ये मध्ये हिंदी. मी पहिल्या रांगेत होते. पण खरं सांगायचं तर मी ऐकत नव्हते, तिच्याकडे बघत होते. मनगटं किती बारीक झाली होती. बोलताना केस कानामागे टाकायची सवय अजून तशीच होती. कसली आत्मविश्वासानं बोलत होती! शाळेच्या नाटकात झाड झाली होती तेव्हाही ही भीतीनं रडली होती. तिचं बोलणं संपलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.

दोनच दिवसांत गुडघ्यांनी संप पुकारला. उत्खननाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, शांत आणि सदा मफलरीत गुंडाळलेले गृहस्थ होते. त्यांनी मला खड्ड्यातून उचलून खापरं धुण्याच्या अंगणात बसवलं. खड्ड्यातून रोज घमेलीभर फुटकी भांडी निघतात. ती पाण्याच्या टबात टाकायची, जुन्या टूथब्रशनं हळूच साफ करायची आणि पोत्यावर वाळत घालायची. केतकीपासून मी लांब गेले म्हणून आधी हिरमुसले, पण अंगणातून तिचा खड्डा समोर दिसायचा. दिवसभर टोपी वरखाली होताना दिसे.

अंगणात माझी जोडीदार होती बिमला, गावातली, माझ्याच वयाची. तिची सून खड्ड्यात माती वाहायची आणि ही इथे बसून सुनेवर नजर ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बहनजी, या मैडम थारी छोरी है?"

मी चपापले. "कैसे पता?"

"दोनों की डाँट एक सी है."

बिमलानं मला खाऊ घातलं त्याचं काय सांगू! जाड बाजरीची रोटी, तिच्यावर लोण्याचा गोळा, बथुआ, म्हणजे आपला चाकवत, घातलेलं दही, लाल गाजरं आणि गूळ. आपली बाजरीची भाकरी मी एकदा तिच्या चुलीवर थापून दाखवली, तर ती हातात धरून उजेडाकडे बघत म्हणाली, "या तो कागज है." मी म्हटलं, तुझी रोटी म्हणजे पाट आहे. मग आम्ही दोघींनी दोन्ही खाल्ल्या.

आणि खापरं! करडी, पातळ, काळ्या रेघा ओढलेली, लाल जाडजूड, कुठे काठाला बोटानं दाबून केलेली नक्षी. पाण्यात बुडवलं की मातीचा असा वास येई, की नुकतंच कुणीतरी माठ भरून ठेवलाय असं वाटे. मी खोटं बोलून तिथे गेले होते, पण चार-पाच दिवसांत मला त्या कामाची खरोखरच गोडी लागली.

घासलेलं भांडं

ते भांड्याच्या तळाचं खापर होतं. हाताच्या पंज्याएवढं, बुडाशी गोल, आणि आतल्या बाजूला काळी खरपुडी, जाड, घट्ट. पिठलं लागलं की कढईला धरते ना, तशी. टूथब्रशनं निघेना. मग मात्र माझ्यातली गृहिणी जागी झाली. भिजत घातलं. बिमला चहाला गेली होती. मी तिच्या चुलीतली राख घेतली, भांडी घासायचा तिचा काथ्या घेतला, आणि बसले. किती वेळ बसले देव जाणे, पण अशी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती. भांडं लख्ख निघालं. आतून तांबूस, स्वच्छ. मी ते पोत्यावर सगळ्यांत पुढे ठेवलं, केतकीच्या नजरेला पडेल असं.

ऊन कलताना केतकी आणि सर अंगणात आले. ती वाकली, तळ उचलला, आत बघितलं, मग माझ्या टबाकडे बघितलं. टबातलं पाणी काळं झालं होतं.

"ये किसने धोया?"

बिमला माझ्याकडे बघत होती.

"मैंने," मी म्हटलं.

"सुनंदाजी, पहले दिन बताया था. जिसमें अंदर जला हुआ कुछ लगा हो उसको पानी नहीं लगाना है. फॉइल में रखना है. सबको बताया था." तिचा आवाज चढला. "पूरे सीझन में ऐसे तीन पीस मिले हैं. ये सबसे अच्छा था. वही तो मेरा काम है!"

म्हणजे त्या खरपुडीतच सगळं होतं. त्या काळच्या बाईनं काय शिजवलं होतं, कधी शिजवलं होतं, सगळं. इतकी शतकं ती टिकली आणि मी ती राखेनं घासून टबात घालवली.

सर म्हणाले, "छोड़ो केतकी, होता है." केतकीनं तो तळ फॉइलमध्ये गुंडाळला आणि ती निघून गेली.

नंतर माझ्या मनात कितीतरी गोष्टी आल्या, पण सगळ्यांत जास्त एकच लागली. ओरडली याचं काही नाही. चूक माझी होती. पण ती माझ्यावर हिंदीत ओरडली. दिल्लीत असताना रविवारी मी शेजारपाजारच्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची, आणि माझ्याच पोरीनं मला परक्या बाईसारखं झापलं होतं.

पुढचे काही दिवस वाईट गेले. केतकी जेवायला दुसऱ्या पंगतीत बसे. समोरून आली तर मोबाईलमध्ये बघत जाई. मी प्रत्येक खापर तीनदा उलटसुलट करून बिमलाला दाखवायची आणि मगच पाण्यात टाकायची. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "परत ये."

"नाही येणार. मी इतिहासासाठी आलेय."

ते हसले. "सुनंदा, तू कशासाठी गेलीयस ते मला माहीत नाही का?"

मी फोन ठेवला आणि बारातघराच्या न्हाणीघरात जाऊन रडले. माझे दिवस संपत चालले होते आणि मी तिच्याशी अजून धड बोललेही नव्हते.

संक्रांत

दिल्लीत असताना आमची संक्रांत पानिपतला असायची. त्या दिवशी मराठी मंडळी बस करून तिथल्या युद्धस्मारकाला, काला अंबला, जातात; आम्हीही दर वर्षी जायचो. सगळे स्मारकापाशी डोळे पुसत असताना छोटी केतकी गवतातून विटांचे तुकडे गोळा करायची आणि बसमध्ये आणायची. मी ते गुपचूप खिडकीबाहेर टाकायची. या वेळी सकाळी धुक्यात जाग आल्यावर हेच आठवत होतं.

साताऱ्याहून आणलेले तिळाचे लाडू मी सगळ्यांना वाटले. केतकीला द्यायला गेले, तर ती खड्ड्यात मोजमाप घेत होती. "तिथे ठेवा," म्हणाली.

अंगणात आले तर बिमला नवी शाल पांघरून बसली होती आणि काम करायला तयार नव्हती. म्हणाली, आज ती रुसली आहे. त्या भागात संक्रांतीला घरातली वडीलधारी माणसं मुद्दाम रुसून बसतात. मग सून बायकांना घेऊन, गाणी म्हणत येते, त्यांच्या अंगावर शाल घालते, पाया पडते आणि त्यांची समजूत घालून त्यांना घरी नेते. बिमलाची सून सकाळीच येऊन हे करून गेली होती, पण बिमलाला एकदाच समजूत घालून घेणं पुरेसं वाटलं नव्हतं. आपल्याकडे तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतात, पण कोण कुणावर रुसलंय ते चारचौघांत कुणी काढत नाही. इथे रुसव्याचाच सोहळा! मला फार आवडलं.

बिमला माझ्याकडे बघून म्हणाली, "बहनजी, तू भी रूठी है?"

"मी कशाला रुसू? गलती मेरी थी."

"तो मैडम रूठी है. चल, मनाते हैं."

"पर वो तो छोटी है. बड़ों को मनाते हैं ना?"

बिमलानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काहीच कळत नाही. "घर में छोटी होगी. यहाँ तो थारी बड़ी वही है. तू उसके नीचे काम करती है के नहीं?"

आणि मग मला कुणी विचारलंच नाही. माती वाहणाऱ्या बायकांनी घमेली खाली ठेवली. बिमलानं आपल्या अंगावरची नवी शाल काढून माझ्या हातात दिली. सातजणींची वरात गाणं म्हणत टेकाड चढू लागली, मी पुढे. गाण्याचे शब्द मला कळत नव्हते, पण मध्ये मध्ये "मैडम" हा शब्द घालून सगळ्या हसत होत्या. विद्यार्थी फोन काढून उभे राहिले. सर मफलर सोडून बघत होते.

केतकी खड्ड्यातून वर बघत राहिली. "ये क्या हो रहा है?"

"मैडम रूठी हैं," बिमला म्हणाली, "इनकी कामवाली मनाने आई है."

मी गुडघ्यांना न विचारता खड्ड्यात उतरले. शाल तिच्या खांद्यांवर घातली. स्वेटर नव्हताच. आता पाया पडायचं होतं, तशी मी खरोखरच वाकायला लागले. ती ओरडली, "आई, वेडी आहेस का तू!" आणि मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

आई म्हणाली, सगळ्यांसमोर. वरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. केतकी आधी हसली आणि मग तिथेच, मोजमापाची टेप हातात धरून, ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांत पेरभर माती होती.

सरांनी सगळ्यांना चहाची सुट्टी दिली. आम्ही दोघी खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलो. तिनं तिळाचा लाडू फोडून अर्धा मला दिला.

"सरांनी तुला दुसऱ्या ट्रेंचला टाकलं होतं," ती म्हणाली. "मीच तुला मागून घेतलं. आणि मग तू रोज समोर बसायला लागलीस, ते टब घेऊन. मला ना, तुझ्याकडे बघवायचंच नाही."

"का गं?"

"कारण मग मला जावंसं वाटत नाही. यार, चार वर्षं आई. मी सगळ्यांना सांगत फिरते की मी किती एक्साइटेड आहे. तू समोर दिसलीस की मला वाटतं, तुझ्यासोबत गाडीत बसून साताऱ्याला यावं."

तिला म्हणावंसं वाटलं, मग ये. अगदी ओठांवर आलं होतं. मी लाडू खाल्ला.

"त्या भांड्याचं काय?" मी विचारलं.

"बघू. वरचं गेलं. पण मातीचं भांडं असतं ना, ते थोडं, काय म्हणतात, आत ओढून घेतं. शिजवताना. वर्षानुवर्षं. ते धुऊन जात नाही."

"मुरलेलं."

"काय?"

"मुरलेलं म्हणतात. लोणचं मुरतं तसं."

"हां, मुरलेलं. त्याच्यात काही सापडलं तर. गॅरंटी नाही."

उरलेले दिवस मी खड्ड्यात तिच्या शेजारी काढले. पाट उंच करून दिला होता. आम्ही फार बोललो असं नाही. खड्ड्यात कुणी फार बोलत नाही. ती माती खरवडायची, मी झाडायची. मध्येच विचारायची, "आई, मांडवाला जी खांबं असतात त्यांना काय म्हणतात? आणि जात्याच्या मधल्या लाकडाला?" मी सांगायची. दुपारी धुकं फिटलं की मोहरीच्या शेतांवरून वारा यायचा आणि लांब वीटभट्ट्यांचा धूर सरळ वर जाताना दिसायचा. मी कितीतरी सुंदर ठिकाणं पाहिली आहेत, दोनदा काश्मीरही. पण कुठे परत जायचंय असं कुणी विचारलं, तर मला त्या चौकोनी खड्ड्यात जायचंय, तिच्या उजव्या हाताला.

निघताना बिमलानं गूळ दिला, आणि शाल परत घेतली नाही. सर म्हणाले, "अगले साल फिर आइए, सुनंदाजी." केतकी फाटकापर्यंत आली. पुढच्या वर्षी ती तिथे नसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सातारा

सप्टेंबरात ती गेली. घरात तिची खोली अशी नाहीच, कारण या घरात ती कधी राहिलीच नाही. त्यामुळे बसून आठवण काढायलाही जागा नाही. मी स्वयंपाकघरातच काढते.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. एरवी ती रविवारी करते, म्हणून मी घाबरले.

"आई, रिझल्ट आला. तुझ्या भांड्याचा."

त्या तळाचा तुकडा सरांनी भारतातल्याच एका प्रयोगशाळेत दिला होता. "काय निघालं?"

"दूध. म्हणजे दुधाची फॅट. अगदी पक्कं नाही सांगता येत, पण बहुतेक दूधच."

"म्हणजे तिचं दूध लागलं होतं," मी म्हटलं. "विसरली असेल कुठे बोलत."

केतकी खूप हसली. मग म्हणाली, "ते वाचलं आणि मला एकदम दही खावंसं वाटलं. घरचं. मी दूध आणलंय, विरजणही मागून आणलंय एका मुलीकडून. पण मागच्या वेळी पातेल्याच्या बुडाला लागलं. काय करू?"

"आधी पातेल्यात चमचाभर पाणी फिरव आणि मग दूध ओत. लागत नाही."

"थांब. फोन ठेवू नकोस."

पातेल्याचा आवाज आला, पाण्याचा, मग दूध ओतल्याचा. माझ्याकडे तिन्हीसांज झाली होती, तिच्याकडे अजून दुपार. ती म्हणाली, बाहेर पाऊस आहे. म्हणाली, शेजारची मुलगी कोरियाची आहे, बरी आहे. मग आम्ही दोघी दुधाकडे बघत उभ्या राहिलो; म्हणजे ती बघत होती आणि मी इथे माझ्या रिकाम्या ओट्याकडे. फोनमधून दुधाची बारीक सूंसूं ऐकू येत होती.

"आई, येतंय वाटतं वर. कडेला बुडबुडे दिसतायत."

आता एक मिनिटात उकळी येणार, ती ते उतरवणार, आणि मग तिला कामं असणार. दह्यासाठी दूध असं तापवायला काहीच हरकत नव्हती. चांगलं चाललं होतं तिचं.

"आच बारीक कर," मी म्हटलं. "अगदी बारीक. हळूहळू तापू दे."